ग्रीस कमी, पुसणं जास्त : पाण्याखालच्या कॅमेऱ्याची ओ-रिंग सांभाळताना

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला. जळालेली वाइंडिंग काढणं, बुश बदलणं, सील बदलणं, हेच वर्षभर चालतं. त्यामुळे तलावातल्या पाणवनस्पतींचे नि माशांचे फोटो काढणारी कॉलेजची पोरं कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्यात नेण्याचा वॉटरप्रूफ डबा, घेऊन दुकानात येतात, तेव्हा त्यांचा हिशोब सरळ असतो. पाण्यातल्या मोटारी सांभाळणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचा डबा काय जड!

हिशोब अर्धाच बरोबर आहे. रबराची गोल रिंग, म्हणजेच ओ-रिंग, दोन्हीकडे एकाच तत्त्वावर चालते, पण पंपाच्या दुकानातल्या सवयी कॅमेऱ्याच्या रिंगेच्या जिवावर उठतात. बोटभर ग्रीस थापणं, पेट्रोलनं धुणं, स्क्रू ड्रायव्हरनं उचकणं, शेवटी हाताचा सगळा जोर लावून आवळणं. आमच्या बोअरच्या मोटारीत तर बहुतेक वेळा आत पाणीच भरलेलं असतं. तारेवर इन्सुलेशन असतं, आणि सीलचं मुख्य काम वाळू-गाळ बाहेर ठेवण्याचं. चमचाभर पाणी इकडून तिकडे झालं तरी तिला काही फरक पडत नाही. कॅमेऱ्याला एक थेंब पुरतो. म्हणून जे मी मोटारीला करतो ते इथे करू नका, हेच आधी सांगून ठेवतो.

रिंग काम कशी करते ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. ज्या खाचेत रिंग बसते तिची खोली रिंगेच्या जाडीपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेली असते. झाकण बंद झालं की रिंग दबते, साधारण पंधरा ते तीस टक्के. दबलेलं रबर परत उसळू पाहतं आणि खाचेच्या तळाला आणि समोरच्या झाकणाला चिकटून राहतं. बाहेरून पाण्याचा दाब आला की रिंग खाचेच्या आतल्या भिंतीकडे सरकते आणि आणखी घट्ट बसते. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेन्सन या माणसानं अमेरिकेत या रिंगेचं पेटंट घेतलं, १९३९ मध्ये. त्यानंतर विमानाच्या ब्रेकपासून आमच्या पंपापर्यंत ती सगळीकडे पोचली, पण तत्त्व तेच राहिलं. यात ग्रीसचं नाव कुठे आलं का? नाही आलं. पाणी अडवतं ते रबर. ग्रीस फक्त रबराला सरकायला आणि नीट बसायला मदत करतं.

आता इथल्या पाण्याची गोष्ट. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, काठापासून बऱ्याच आतपर्यंत दोन-तीन मीटरच्या वर खोल नसतात. तिथे दाब वाढतो तो एका वातावरणाच्या साधारण पाव हिश्शाएवढा. पोरं म्हणतात, "भाऊ, दोन हात पाण्यात काय होते?" दोन हात पाण्यातच होते बाप्पा! खोल पाणी झाकण दाबून धरतं. उथळ पाणी ती मदत करत नाही. हाउसिंग पाण्यात टाकताना, काठावर हेलकावताना, नावेवरून हातात देताना जी धडपड होते, त्यातच केसाएवढ्या फटीतून पाणी आत येतं. चाळीस मीटरचं रेटिंग डब्यावर छापलेलं असलं तरी ते स्वच्छ, नीट बसलेल्या रिंगेचं रेटिंग असतं.

तुमच्या हातची रिंग कोणती

साधारण हाउसिंगला तीन प्रकारची सीलं असतात. मागच्या दाराची मोठी रिंग, भिंगासमोरच्या पोर्टची, म्हणजे काचेच्या खिडकीची रिंग, आणि प्रत्येक बटणाच्या दांडीवरच्या बारक्या रिंगा. पहिली रिंग काढणं, पुसणं, बदलणं तुमचं काम. दुसरी, पोर्ट निघणारा असेल तरच, आणि तो काढल्यावरच. बटणांच्या रिंगांना हात लावू नका. त्यांच्या सरक्लिपा, म्हणजे दांडी जागेवर धरणाऱ्या कड्यासारख्या क्लिपा, बारीक असतात, उडाल्या की सापडत नाहीत. मी रोज सरक्लिपा काढतो तरी ते काम सर्व्हिस सेंटरला पाठवा असंच सांगतो. पाण्याखाली नेण्याच्या टॉर्चला मानेशी बहुधा दोन रिंगा असतात. तिथे रिंगेइतकीच आट्यांची सफाई महत्त्वाची, कारण फिरवताना आट्यांतली माती थेट रिंगेवर येते.

ॲक्शन कॅमेऱ्याच्या डब्याला गोल रिंग नसून चपटी रबरी पट्टी असते. तिला ग्रीस लावायचं नसतं, नुसतं स्वच्छ ठेवायचं. कॅमेऱ्याच्या अंगातच वॉटरप्रूफ दार असेल, बॅटरीच्या खणाला वगैरे, तर तिथेही मॅन्युअल स्पष्ट सांगत नाही तोवर ग्रीस नको.

बसायची जागा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या मुलखात निम्मा घोटाळा इथेच होतो.

तलावाचं पाणी पावसाळ्यात गढूळ असतं. दिवाळी उलटली, गाळ खाली बसला की चांगलं दिसू लागतं, आणि फोटोची सगळी घाई तेव्हाच सुरू होते. नेमकं त्याच दिवसांत धानाची मळणी चालू असते. हवेत भुसा, कोंडा, कुसळं. कुसळ हा ओ-रिंगेचा पहिला शत्रू आहे. बारीक, टोकदार, ताठ, आणि रिंगेखाली आडवं गेलं की दोन्ही बाजूंना सरळ पाट काढून देतं. माणसाचा केस बहुधा दहावा हिस्सा मिलिमीटरही जाड नसतो, तरी तेवढा पुरतो. कुसळ त्याहून जाड. यवतमाळ-अकोल्याकडच्या मित्रांना हाच त्रास कापसाच्या तंतूंचा होतो. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर बोलायलाच नको.

म्हणून रिंगेचं काम तलावाच्या काठावर, खळ्यावर, ओसरीत करू नका. आदल्या संध्याकाळी घरात, दार-खिडकी लावून, फरशी ओल्या फडक्यानं पुसून, धूळ बसल्यावर करा. पंखा बंद. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायचं म्हणजे घाम, आणि घामाचा थेंब खाचेत पडतो. तेव्हा पहाटे उठून करा.

कूलरसमोर तर मुळीच नाही. आपल्याकडे मार्चपासून प्रत्येक घरात कूलर घोंघावत असतो आणि माणूस सवयीनं त्याच्याच समोर पसारा मांडून बसतो. कूलरची हवा ओली असते, आणि गवताच्या ताट्यांचे तुकडे त्या हवेसोबत येतात. त्या हवेत हाउसिंग बंद केलं तर ओल आत कोंडली गेली. उद्या तलावाच्या गार पाण्यात गेल्यावर तीच ओल काचेवर धुकं होऊन बसेल आणि तुम्ही रिंगेला दोष द्याल.

हात साबणानं धुवा. खर्रा घोटलेल्या हातानं रिंगेला शिवायचं नाही. सुपारीचा चुरा आणि चुना बोटांच्या रेषांत बसलेला असतो, तो दिसत नाही, पण रिंगेला चिकटतो. डासांचं मलम लावलं असेल तर दोनदा धुवा, काही मलमांतली रसायनं पारदर्शक प्लास्टिकला खातात. डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून बाजूला ठेवा. हात त्यालाच पुसायची सवय असते आणि सुताचे तंतू तिथूनच येतात. मोठे केस असतील तर बांधा. खाली फिक्या रंगाचा, धागे न सुटणारा कपडा अंथरा. काळी रिंग आणि तिच्यावरचा कण त्यावर लगेच दिसतो.

काढणं, पाहणं, पुसणं

रिंग बोटांनीच काढायची. दाराच्या लांब बाजूला दोन अंगठे रिंगेवर ठेवा आणि दोन्हीकडून मधे सरकवा. मधे छोटी कमान उभी राहते, ती चिमटीत धरून उचला. नाहीच उठली तर हाउसिंगसोबत आलेलं प्लास्टिकचं हत्यार किंवा जुन्या एटीएम कार्डाचा गोल कोपरा वापरा. सुई, सेफ्टी पिन, ब्लेड, टेस्टर, काही नाही. रिंग फाटली तर नवी मिळते. खाचेत ओरखडा पडला तर ते हाउसिंगच गेलं, कारण ओरखड्याच्या नळीतून पाणी रिंगेखालून जातं आणि नव्या रिंगेनंही ते थांबत नाही.

काढलेली रिंग ताणू नका. दोन बोटांत हलकेच धरून पूर्ण फेरी फिरवा, डोळे मिटून. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. खडा, चीर, टोचा, कुठे जास्त मऊ, कुठे ताठ. मग टॉर्च तिरपा धरून पाहा. सरळ उजेडात कण दिसत नाही, तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. रिंग काचेवर आडवी ठेवा. कुठे चपटी झाली असेल, म्हणजे गोल जाडीचा एक पैलू सपाट दिसत असेल, तर तिनं उसळायचं सोडलं आहे. ती रिंग पुसून, ग्रीस लावून परत बसवण्यात अर्थ नाही.

धुवायचं तर वाटीत. वाटीभर फिल्टरचं पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकं चोळून दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून काढणं. मोरीत किंवा बेसिनवर धुवाल तर ती निसटून गेलीच समजा. पेट्रोल, रॉकेल, थिनर, स्पिरिट, यांतलं काहीही नको. माझ्या दुकानात ट्रेमध्ये कायम पेट्रोल असतं, आणि पोरं तिकडेच हात नेतात. पेट्रोलनं मोटारीचा लोखंडी सांगाडा स्वच्छ होतो. रबर फुगतं, मग वाळून चिरतं.

रिंगेपेक्षा जास्त वेळ खाचेला द्या. मऊ मायक्रोफायबरचा कपडा, चष्म्याचा असतो तो, एटीएम कार्डाच्या कोपऱ्यावर एकपदरी गुंडाळा आणि खाचेच्या तळातून फिरवा. मग दोन्ही भिंती. कोपरे विशेष, कारण जुनं ग्रीस आणि गाळ तिथेच साठतो. कानाच्या काड्या वापरू नका. कापसाच्या मुलखात हे बोलणं विचित्र वाटेल, पण त्या बोळ्याचा एक तंतू मागे राहिला की सगळी मेहनत वाया. काडी लागतेच असं वाटलं तर फोमच्या टोकाची घ्या.

आणि समोरची बाजू! रिंग ज्या सपाट कडेवर दाबली जाते ती कड निम्मे लोक पुसतच नाहीत. रिंग चकाचक, खाच चकाचक, आणि समोरच्या कडेवर कालच्या गाळाची पुटी. सील दोन बाजूंनी होतं, तेव्हा पुसायच्याही दोन्ही बाजू.

फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. त्या हवेत तेल आणि पाणी असतं, आणि जोरानं मारलेली हवा धूळ बटणांच्या दांड्यांत खोलवर ठासते. रबरी फुग्याचा ब्लोअर मिळतो, तो पुरे.

ग्रीस

मोठ्या रिंगेला मुगाच्या दाण्याएवढं. त्याहून कमी चाललं तर उत्तम. दोन बोटांवर पसरा आणि रिंग त्यातून एक फेरी ओढा, न ताणता. रिंग ओलसर चमकली पाहिजे, तिच्यावर पांढुरकं काही दिसलं तर ते जास्त झालं, पुसून काढा. जास्तीचं ग्रीस पाणी तर अडवत नाहीच, उलट कुसळ, केस, वाळू धरून ठेवतं. खाचेत वेगळं ग्रीस भरायचं नसतं.

कोणतं ग्रीस, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा एक डोळा माझ्या बेअरिंग ग्रीसच्या डब्यावर असतो. ते नाही. ते खनिज तेलाचं ग्रीस. व्हॅसलीन नाही, खोबरेल नाही, गंज सोडवायचा स्प्रे नाही. हाउसिंगच्या कंपनीनं जे दिलं किंवा सांगितलं तेवढंच. कारण असं की, रिंग कशाची आहे त्यावर ग्रीस ठरतं. काळी रिंग बहुधा नायट्राइल रबराची असते, तिला सिलिकॉन ग्रीस चालतं. पण रंगीत, जरा अर्धपारदर्शक रिंगा बऱ्याचदा सिलिकॉनच्याच असतात, आणि सिलिकॉन ग्रीस सिलिकॉन रबरात शिरून त्याला फुगवू शकतं. फुगलेली रिंग खाचेत मावत नाही, एका जागी बाहेर उपसते आणि झाकणात चिमटली जाते. रंगावरून शंभर टक्के ओळखता येत नाही, म्हणून एका कंपनीची ट्यूब दुसऱ्या कंपनीच्या रिंगेला लावू नका.

बंद करणं आणि तपासणं

रिंग खाचेत ठेवताना आधी चार कोपरे, मग मधल्या बाजू, हलक्या बोटानं. एका टोकापासून ओढत नेली तर शेवटी थोडी लांबी उरते आणि तिथे फुगवटा येतो. पीळ पडला नाही ना ते पाहा. साच्याची बारीक रेघ रिंगेवर असते, ती रेघ सगळीकडे एकाच बाजूला दिसली म्हणजे पीळ नाही.

झाकण लावण्याआधी शेवटची नजर हवी ती बाहेर लोंबणाऱ्या गोष्टींवर. कॅमेऱ्याचा पट्टा, सिलिका जेलच्या पुडीचा कोपरा, स्वतःचा केस. दोन्ही कड्या एकदम, सारख्या जोरानं लावा. कडी नेहमीपेक्षा जड गेली तर जोर करू नका, उघडा. पारदर्शक हाउसिंग असेल तर मागून पाहा. दबलेली रिंग अखंड गडद पट्टीसारखी दिसते. पट्टी कुठे तुटली, कुठे बारीक झाली, तर तिथे काहीतरी आहे.

सिलिका जेल आत ठेवायचंच. रंग बदलणारं घ्या. निळं असेल तर ओल प्यायल्यावर गुलाबी होतं. पुडीतून काढून जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या भांड्यात अगदी मंद आचेवर तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून पोळीचा तवा वापरू नका. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की पहाटे बंद केलेल्या हाउसिंगमध्ये धुकं क्वचितच येतं. भाद्रपदात मात्र एसीची खोली किंवा एसी लावलेली गाडी शोधा.

मग बादली. हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात. रिंग काढून परत बसवली की प्रत्येक वेळी, कॅमेरा न ठेवता, आत टिश्यू पेपर पसरून हाउसिंग बादलीत बुडवा. रिकामं हाउसिंग तरंगतं, वर दगड ठेवावा लागतो, दगडाखाली फडकं ठेवा म्हणजे ओरखडे नाहीत. अर्धा तास ठेवा. अधूनमधून सगळी बटणं दाबा, कारण बटणाचं सील दाबल्याशिवाय आपली खोड दाखवत नाही. काढल्यावर बाहेरून पूर्ण पुसा, दार खालच्या अंगाला धरून उघडा, टिश्यूवर ठिपका आहे का पाहा. बुडवल्याबरोबर एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ येत राहिली तर तेवढ्यावरच काढा. सुरुवातीला फटींत अडकलेली हवा चार-दोन बुडबुड्यांनी जाते, त्याचा धसका घेऊ नका.

महागड्या हाउसिंगला व्हॅक्यूमचा पंप आणि दिवा असतो. हवा ओढली, हिरवा लागला, थोडा वेळ हिरवाच राहिला तर सील धरलं. इथे आपल्या उन्हाचा एक हिशोब ध्यानात ठेवा. बंद डब्यातल्या हवेचा दाब तापमानासोबत बदलतो. ४५ अंशातली हवा २८ अंशांच्या पाण्यात गेली की दाब सुमारे ५ टक्के उतरतो, आणि सावलीतलं हाउसिंग उन्हात ठेवलं की उलट चढतो. उन्हात दिवा लाल झाला म्हणजे गळती झालीच असं नाही, आणि गार होताना हिरवा राहिला म्हणून सगळं ठीक असंही नाही. सावलीत, तापमान स्थिर झाल्यावरच तपासा.

एकदा तपासून बंद केलं की तलावाच्या काठी उगाच उघडू नका. बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड रिकामं, हे घरीच पाहून घ्या. आणि पाण्यात उतरण्याआधी विचारायचं तिथे विचारा. गावतलावात मच्छीमार सोसायटीला, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन विभागाला. ढीवर बांधवांची जाळी कुठे लागली आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं, आणि जाळ्यात कड्या अडकून हाउसिंग उघडणं हीही एक शक्यता असते.

पाण्यातून आल्यावर

पाण्यातून काढलं की लगेच, गाळ वाळायच्या आत, स्वच्छ पाण्याच्या टपात बंद हाउसिंग अर्धा तास बुडवून ठेवा आणि पाण्यातच बटणं दाबत राहा. तलावाचा बारीक गाळ वाळला की बटणाच्या दांडीवर पॉलिश पेपरचं काम करतो. समुद्रावर नेलं असेल तर हेच मिठासाठी, आणि तिथे तर एक तासही उशीर नको.

पाणी कोणतं? पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी बोअरच्या पाण्यानं धुऊ नये. ते वाळलं की पांढरा थर उरतो, आणि तो थर सीलच्या कडेलाच बसतो. आता गावोगावी आरोच्या पाण्याचे कॅन मिळतात, शेवटचा हात त्या पाण्याचा द्या. सावलीत निथळू द्या, उन्हात नाही.

उघडण्याआधी हात, मनगटं, केस कोरडे करा. दाराच्या फटीवरून कपडा फिरवा, थेंब तिथे दडून बसतात. दार जमिनीकडे करून उघडलं की उरलेला थेंब खाली पडतो, कॅमेऱ्यावर नाही.

रिंग कधी बदलायची, कुठून आणायची

नियमित वापर असेल तर मोठी रिंग वर्षातून एकदा, चांगली दिसत असली तरी. चपटी, चिरलेली, ताठ झालेली असेल तर त्याच दिवशी. बटणांच्या रिंगांची सर्व्हिस कंपनी सांगेल त्या मुदतीत. एक जादा रिंग कायम जवळ ठेवा, डबीत, घडी न घालता.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, ते एका रॉकेटच्या जोडावरच्या ओ-रिंगेमुळे. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीनं रबर ताठलं आणि वेळेवर उसळलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून हे सगळ्यांसमोर दाखवलं. आपल्याकडे रबराची उसळ थंडीनं जात नाही, उन्हानं जाते. दबलेल्या अवस्थेत महिनोन्महिने तापलेलं रबर दबलेलंच राहतं.

माझ्याकडे रिंगांचा अख्खा डबा आहे आणि त्यातली एखादी कॅमेऱ्याच्या रिंगेला मापानं बरोबर दिसते. तरी मी देत नाही. एका मापात रिंगेची जाडी २.५ मिलिमीटर, दुसऱ्यात २.६२. हातात घेतल्यावर दोन्ही सारख्याच, पण दाब किती मिळणार हे त्या बारीक फरकावर ठरतं. शिवाय रबराचा कडकपणा वेगळा असू शकतो, म्हणजे कड्या लागतील पण रिंग पुरती दबणार नाही. दोरीतून तुकडा कापून, चिकटवून रिंग बनवण्याची युक्ती आमच्या धंद्यात चालते. कॅमेऱ्याला तो जोड म्हणजे ठरलेली गळती. हाउसिंगच्या मॉडेल नंबरची अस्सल रिंगच मागवा, पार्सल यायला आठवडा लागला तरी.

पाणी शिरलंच तर

आत थेंब दिसला किंवा काच अचानक धुकटली तर वर या. पाणी कॅमेऱ्यापासून दूर जमेल असं हाउसिंग धरा, बहुतेक हाउसिंगमध्ये पोर्ट खाली केला की पाणी त्यात उतरतं. काठावर बाहेरून पुसून उघडा, चेहरा लांब ठेवून. कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. नका करू. बॅटरी काढा, कार्ड काढा. ओली झालेली लिथियम बॅटरी खिशात किंवा बॅगेत टाकू नका, उघड्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा, आणि तिला पुन्हा चार्जिंगला लावू नका. पाणी शिरलेल्या टॉर्चमध्ये वायू साठून दाब वाढलेला असू शकतो. उघडताना तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे नको.

मग कुणीतरी सांगतंच, तांदळात ठेवा. धानाच्या जिल्ह्यात तांदळाला तोटा नाही, पोतं हजर असतं. पण तांदूळ सिलिका जेलइतकी ओल ओढत नाही, आणि त्याची भुकटी बटणांत, भिंगाच्या कडेत जाते. कॅमेरा पुसून, सगळी झाकणं उघडी ठेवून, हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे लवकर पोचवा. मिठाचं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी.

उन्हाळ्यात ठेवणं

तलाव आटले, काम थांबलं की हाउसिंग तीन-चार महिने पडून राहतं. तेव्हा कड्या लावून ठेवू नका. मोठी रिंग काढा, पुसा, अगदी हलका ग्रीसचा हात फिरवा, झिपच्या पिशवीत सैल गोल ठेवा, अंधारात. दार नुसतं टेकवून हाउसिंग कपड्याच्या पिशवीत.

टिनाच्या छपराखाली, माळ्यावर, गाडीच्या डिकीत नाही. बंद गाडी नवतप्यात साठ अंशांच्या पुढे सहज जाते. आणि माझ्या दुकानासारख्या ठिकाणीही नाही. ब्रशच्या मोटारी चालताना ठिणग्या पडतात, त्यातून ओझोन तयार होतो, आणि ओझोन नायट्राइल रबराला बारीक चिरा पाडतो. वर व्हार्निश-थिनरच्या वाफा. पोरं म्हणतात, "भाऊ, तुमच्याकडेच राहू द्या सुट्टीभर." मी म्हणतो, मातीच्या भिंतीची, कौलाची खोली असेल कुणाकडे तर तिथे ठेवा, उंदराला पोचता येणार नाही अशा लोखंडी पेटीत.

पावसाळा उलटल्यावर काढाल तेव्हा आधी रिंग काचेवर ठेवून पाहा, मग खाच पुसा, मग रिकामं हाउसिंग बादलीत अर्धा तास. बटणं कोरडी पडून अडकत असतील तर बादलीतच, पाण्यात बुडलेली असताना, हलकेच दाबून मोकळी करा. तरीही एखादं बटण दाबल्यावर वर येत नसेल तर त्या हंगामात हाउसिंग पाण्यात न नेता सर्व्हिसला धाडा.